हेडक्लार्कीची बोटफेरी

हेडक्लार्कची जागा रिकामी झाली, त्याच आठवड्यात साहेबांची मुंबईला बदली झाली, आणि रत्नागिरीच्या सडकखात्यातले कारकून हरिहरपंत यांची झोप उडाली. ज्येष्ठतेने ती जागा त्यांची होती. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी तर आळीभर सांगूनही टाकलं होतं, त्यामुळे जागा हुकली तर घरात तोंड दाखवायची सोय नव्हती. अडचण एकच, ती म्हणजे दुसरा कारकून गोपाळकृष्ण. हा वयाने धाकटा, पण इंग्रजी फर्डं बोलायचा आणि साहेबांच्या कुत्र्याशी त्याचा घरोबा होता.

साहेब मुरलेले. माणूस आपण निवडला आहे, पण कोण ते बोटीवर चढताना सांगू, असं त्यांनी जाहीर केलं. आधी सांगितलं तर दुसरा काम टाकून बसेल, हा त्यांचा अनुभव होता.

मग काय, बोटीच्या दिवशी दोघेही कामं टाकून मांडवीच्या बंदरावर हजर. कचेरीत उरला एकटा धाकटा कारकून रावजी. त्याला नुसती बोट पाहूनही मळमळायचं.

बोट नेहमीप्रमाणे खोल पाण्यात उभी होती आणि तिथवर पडावातून, म्हणजे लहान होडीतून, जायचं होतं. साहेब पडावात बसले तरी नाव काही सांगेनात. सामान नीट चढतंय का पाहतो, असं म्हणत हरिहरपंत आत शिरले. त्यांना साहेबांजवळ एकटं सोडणं गोपाळकृष्णाला परवडणारं नव्हतं. तो कुत्र्याला घेऊन चढला. पडाव बोटीला लागला तसे साहेब वर गेले, पाठोपाठ कुत्रा गेला आणि त्यामागून हे दोघे. साहेब तडक आपल्या खोलीत जाऊन आडवे झाले.

बोटीचा भोंगा झाला. खालून पडाववाला बाळा ओरडला, "ओ पंत, वायच घाई करा, मी चाललो!"

"गोपाळकृष्ण, तुम्ही व्हा पुढे," हरिहरपंत शिडीशी अदबीने म्हणाले.

"छे हो, तुमच्याआधी मी कसा उतरेन? वडिलकीचा मान तुमचा."

"मान राहू दे. तुम्हांला लहान मुलं आहेत."

"आणि तुम्हांला गुडघे आहेत. तुम्हीच आधी."

दोघांचा विनय असा ऐन भरात असताना बोट हलली. बाळाने खालून हात जोडले आणि पडाव वळवला.

जयगडला वारा एवढा होता की पडाव बोटीपर्यंत आलाच नाही. अखेर संध्याकाळी अंजनवेलजवळ साहेब बाहेर आले आणि या दोघांना पाहून चकित झाले. हरिहरपंतांनी धीर करून विचारलंच. साहेब हसून म्हणाले, अर्थात तुम्हीच! हरिहरपंतांना आनंदाने रडू कोसळायचं तेवढं बाकी राहिलं. गोपाळकृष्णाचं तोंड पडलं.

"फक्त मला तुमची नावं कधीच लक्षात राहिली नाहीत," साहेब पुढे म्हणाले. "म्हणून नव्या साहेबांना खूण कळवली आहे. ते उद्या सकाळी मोटारीने येतील. कचेरीत शिरल्यावर जो आपल्या खुर्चीत बसलेला दिसेल, तोच हेडक्लार्क. एवढ्या वर्षांत तुम्ही खुर्ची सोडलेली मी पाहिली नाही."

हरिहरपंत मटकन खाली बसले. गोपाळकृष्णाचं तोंड पुन्हा जागेवर आलं.

अंजनवेलला उतरल्यावर परतीचा प्रवास तरीच्या होडीतून, बैलगाडीतून आणि बराचसा पायी झाला. बढतीनंतर वाटायला म्हणून आनंदीबाईंनी दिलेले पेढे दोघांनी वाटेत निमूट खाल्ले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते धुळीने लाल होऊन कचेरीत पोचले. हेडक्लार्कच्या खुर्चीत रावजी बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"पंत, आलात एकदाचे," तो रडवेला होऊन म्हणाला. "नवे साहेब म्हणतात, खुर्ची न सोडणं हाच तुझा गुण ऐकलाय. तेव्हापासून दर घटकेला दारातून डोकावतायत. जेवायला घरी गेलो नाही हो. तुम्ही बसता का इथे? मी त्यांना सगळं सांगतो."

हरिहरपंतांनी खुर्चीकडे पाहिलं. मग आतल्या दाराकडे पाहिलं. तिथे खरोखरच नव्या साहेबांचं नाक दिसत होतं. खुर्चीसाठी आपण दुपारचं गरम जेवण किती वर्षं सोडलं, ते त्यांना एकदम आठवलं.

"बसा हो, बसा तुम्ही," ते मायेने म्हणाले. "मी जरा घरी जेवून झोप काढून येतो. ही रजा मंजूर करा, हेडक्लार्कसाहेब."