हिंदुरावांची स्वीडिश ऑर्डर

"दोन म्हैन्यात तिकडच्या भाषेत जेवान मागून दावतो, न्हाईतर नावाचा हिंदुराव न्हाई!"

मांजरी गावच्या हिंदुरावांनी ही गर्जना केली तेव्हा ऐकायला फक्त त्यांच्या पत्नी बायडाबाई होत्या, आणि त्याही लसूण सोलत होत्या.

कारण होतं तनुजा. एकुलती एक लेक, चार वर्षं स्वीडनमध्ये नोकरीला. "बाबा, तुम्ही दोघं कधी आलात तर मी दिवसभर ऑफिसात. खालच्या रेस्टॉरंटमध्ये जेवण मागता आलं तरी पुरे," असं ती सहज बोलून गेली आणि हिंदुरावांनी ते मनावर घेतलं. लेकीची आठवण येते हे कबूल करण्यापेक्षा अख्खी परकी भाषा शिकणं त्यांना सोपं वाटलं! रोज संध्याकाळी तिच्या खोलीत जाऊन ते पंखा लावायचे आणि जरा वेळानं बंद करायचे. बायडाबाईंनी विचारलं की "जाम हुईल म्हून" असं सांगायचे. खरं तर फार आठवण यायची त्यांना.

मोबाइलवरच्या धड्यांनी घर दणाणलं. "याग विल हा एन सोप्पा, टक्!" म्हणजे, मला एक सूप हवंय, धन्यवाद. हे ते दूधवाल्याला म्हणाले, गॅसवाल्याला म्हणाले, समोरच्या सोसायटीच्या वॉचमनलाही म्हणाले. त्यानं घाबरून गेटच उघडलं!

सरावासाठी बायडाबाई वेटर झाल्या.

"काफ्फे?" पदर खोचून त्या विचारायच्या.

"नेय, टक्." म्हणजे नको, धन्यवाद.

"आवं, घ्या की घोटभर!"

"नेय, नेय!"

"माझी शपथ हाय!"

मग हिंदुराव अगदी नाइलाजानं "या, टक्" म्हणून होकार द्यायचे आणि दोन कप प्यायचे. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस त्यांच्या भावकीत आजवर निपजला नव्हता.

परीक्षेचा दिवस उजाडला. तनुजा त्या रेस्टॉरंटमधून व्हिडिओ कॉल करणार, मालकीण उल्लाबाई ऑर्डर घेणार, आणि बाबा मागतील तेच तनुजा जेवणार, असं ठरलं होतं. हिंदुराव कडक इस्त्रीचा शर्ट घालून फोनपुढं बसले.

"हेय!" उल्लाबाई म्हणाल्या.

"हेय!" हिंदुरावांनी ठोकून दिलं. सुरुवात तर झकास!

"सोप्पा?"

आता आपण होऊन मागायच्या आधीच समोरच्यानं विचारलं, तर भला माणूस काय म्हणणार? "नेय, टक्," हिंदुराव लाजून म्हणाले आणि आग्रहाची वाट पाहू लागले.

उल्लाबाईंनी मान डोलावली. "ब्र्योद?" म्हणजे पाव.

"नेय, टक्."

"काफ्फे?"

"नेय, टक्!" आवाज आता काकुळतीला आला होता.

उल्लाबाई गोड हसल्या आणि चालत्या झाल्या!

"गेली?" हिंदुराव ओरडले. "पुन्हा इचारलंबी न्हाई?"

पडद्यावर तनुजा रिकाम्या टेबलाशी बसली होती. "बाबा, इथे एकदाच विचारतात. नाही म्हणजे नाही!" मग ती हसली. "मला उपाशी ठेवलंत, पण उच्चार फर्स्ट क्लास. पास! मग उन्हाळ्यात येताय ना दोघं?"

ह्याच प्रश्नासाठी तर सगळा खटाटोप होता. हिंदुरावांचा ऊर भरून आला, आणि तोंडातून निघालं, "नगं गं. तुला उगा कशाला तरास?"

तनुजा म्हणाली, "बरं बाबा. तुमची इच्छा." आणि फोन बंद झाला.

हिंदुराव फोनकडे बघत बसले. आता वाजेल, मग वाजेल.

"पोर तिकडची झाली," बायडाबाई म्हणाल्या. "एकदा इचारून मोकळी झाली."

"आपली हाय ती. पुन्हा इचारंल."

"आन् न्हाई इचारलं तर?"

हिंदुरावांना हे सोसेना. त्यांनी स्वतःच फोन लावला आणि तिकडून आवाज येताच ओरडले, "या, टक्!"

"अहो बाबा, मी अजून काही विचारलंच नाहीये!"

"मगाशी इचारलंस त्याला! आन् पुढं काय इचारशील त्यालाबी!"

आणि त्यांनी जोरात नाक ओढलं. मग तनुजानं हळूच विचारलं, "बाबा, रडताय?"

"नेय, टक्," हिंदुराव म्हणाले.

तनुजानं पुन्हा विचारलं.