बंद न पडणारा टीव्ही

आमचे शेजारी नामदेव म्हात्रे कुणाच्याही घरी गेले की आधी टीव्हीच्या पाठीला हात लावत. चपला काढायच्या, यजमानांकडे न बघता थेट टीव्हीमागे जायचं, तळवा टेकवायचा आणि डोळे मिटायचे. मग निदान. ‘‘अंगात ताप हाय ह्याच्या. दोन पावसाळे काढील.’’ नव्या टीव्हीचे पेढे हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटेल, हा विचार त्यांना कधी शिवला नाही.

हाताची ही सवय कंपनीतली. रोह्याजवळ धाटावला रसायनांच्या एका कंपनीत ते बॉयलरवर होते आणि मी तिथेच स्टोअरला. बॉयलरच्या काट्यावर त्यांचा भरवसा नसे. ‘‘काटा झोपतो, पवारभाऊ. हात झोपत नाय.’’ मूळचे ते पेणकडच्या खाडीकाठचे, मिठागरावर वाढलेले. खाऱ्या वाऱ्याने कड्याकोयंडे, सायकली, पत्रे खाल्लेले लहानपणापासून पाहिलेले. जगातली कुठलीही वस्तू टिकेल असं त्यांना सहसा वाटत नसे.

आमच्या दोन बिऱ्हाडांमध्ये एका विटेची भिंत होती. आणि खरं सांगायचं तर मला या माणसाचा हेवा वाटे. आळीत कुणाला पंखा घ्यायचा असो, मिक्सर असो, शिलाई मशीन असो, ‘म्हात्रेभाऊंना विचारा’ हे ठरलेलं. मी स्टोअरचा माणूस, दिवसभर वस्तूंमध्येच उठबस. पण मला कुणी साधी बादलीसुद्धा कुठली घ्यावी ते विचारलं नाही. माझी बायको सुमनही बल्ब घ्यायच्या आधी भिंतीवर टकटक करायची.

म्हणून आमचा रंगीत टीव्ही मी कुणाला न सांगता पेणहून आणला. म्हात्रे आले, मागे गेले, हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

‘‘रंग बरा हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पण तापट हाय.’’

झालं. त्या दिवसापासून सुमन अर्ध्या तासाने टीव्ही बंद करून त्याला वर्तमानपत्राने वारा घालू लागली.

त्यांचा स्वतःचा टीव्ही लाकडी पेटीतला, सरकत्या दाराचा, काळापांढरा. बारा वर्षं त्यांनी तो दुरुस्त करकरून चालवला होता. एक दिवस त्याचा आवाज गेला, मग चित्र आटून एक पांढरी रेघ उरली. म्हात्रे दोन दिवस त्या रेघेसमोर बसले. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको, हिरावहिनी, संध्याकाळची मालिका बघायला आमच्याकडे आली आणि मग रोजच येऊ लागली. दोघी भुईवर बसून समोर सुपात तांदूळ घ्यायच्या आणि मालिकेतल्या सासूला नावं ठेवायच्या. बायकांच्या त्या गप्पांत मला काय रस? मी त्या वेळी नाक्यावर जाऊन बसे.

इकडे म्हात्र्यांनी नव्या टीव्हीचा शोध सुरू केला. दुकानात आधी नाहीच गेले. ते दुरुस्तीवाल्यांकडे जात आणि विचारत, ‘‘तुझ्याकडं कुठल्या कंपनीचा टीव्ही येत नाय?’’

रोह्याचा दुरुस्तीवाला म्हणाला, ‘‘जो खपत नाय तो.’’ कोलाडचा म्हणाला, ‘‘काका, ते तुम्हाला सांगितलं तर मी काय खाऊ?’’ पेणच्या दुरुस्तीवाल्याशेजारी तर ते स्टूल घेऊन अख्खा रविवार बसले आणि उघड्या पडलेल्या प्रत्येक टीव्हीत डोकावून ‘अरेरे’ म्हणत राहिले. गिऱ्हाइकं घाबरून आपले टीव्ही परत न्यायला लागली.

पाच महिने हे चाललं. मी बरोबर जात होतो, कारण त्यांनी शेवटी झक मारत माझ्या टीव्हीच्याच कंपनीचा टीव्ही घ्यावा आणि तो सगळ्या आळीने बघावा, अशी माझी फार इच्छा होती.

निवड झाली पेणच्या एका दुकानात. म्हात्र्यांनी मालकाला सांगितलं, ‘‘तीन तास चालवा.’’ पहिल्या तासाला मालकाने चहा पाजला. दुसऱ्या तासाला तो आमच्याशी बोलेनासा झाला. तिसऱ्या तासाला तो दुकान आमच्यावर सोडून जेवायला गेला आणि तेवढ्यात आलेल्या दोन गिऱ्हाइकांना म्हात्र्यांनी ‘हा नको, तापतो’ म्हणून परत पाठवलं. शेवटी जो पसंत पडला तो सगळ्यात खालच्या फळीवरचा होता. काळा, बोजड, नाव कधी न ऐकलेल्या कंपनीचा. माझ्यासारख्या टीव्हीवर त्यांनी हातसुद्धा ठेवला नाही.

येताना एसटीत खोकं आमच्या दोघांच्या मांड्यांवर होतं. माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, ‘‘म्हात्रेभाऊ, एका टीव्हीसाठी एवढं कशाला?’’

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘परत बंद पडायला नको. बंद पडला का ती परत तुमच्याकडं.’’

‘‘येऊ देत की. आम्ही काय परके आहोत?’’

‘‘तसं नाय ओ. हसते ती तुमच्याकडं. भिंतीतनं ऐकू येतं मला. एकवीस वर्षं झाली लग्नाला, माझ्या घरात अशी हसलेली मी नाय ऐकली.’’

इतके महिने मी समजत होतो की हा माणूस माझ्या टीव्हीच्या रंगांवर जळतो. मनातून मी त्यावर खूशही होतो.

नवा टीव्ही लागला. चार संध्याकाळी हिरावहिनी आली नाही. मी मुद्दाम घरी थांबलो, सुमनशेजारी बसलो, मालिका बघितली. सुमन एकदाही हसली नाही. उलट दोनदा माझ्याशी भांडली. पाचव्या दिवशी दारात हिरावहिनी.

‘‘काय गो, नवा टीव्ही बिघडला?’’ सुमनने विचारलं.

‘‘बिघडतोय कुठचा! चित्र काचेसारखं हाय. पण हे टीव्हीकडं बघतच नायत गो. माझ्याकडं बघत बसतात, मी हसते का नाय ते! असं कुणी टक लावून बसलं तर हसू येल का?’’ आणि हे सांगताना तिला इतकं हसू आलं की तिने दाराची चौकट धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हात्रे काळा टीव्ही दोन्ही हातांत घेऊन आमच्या दारात उभे.

‘‘ह्यो तुमच्याकडं ठेवा. तुमचा मला द्या.’’

‘‘कशाला?’’

‘‘तुमचा कवापण बंद पडंल. मंग दोघी बसतील कुठं?’’

मला संताप आला. माझा टीव्ही, माझ्या घरातून, माझ्यासमोर बाहेर काढायचा? पण मी तोंड उघडेपर्यंत सुमनने आमच्या टीव्हीची पिन काढलीसुद्धा होती.

त्या संध्याकाळी नाक्यावर माझं मन लागेना. माझ्या टीव्हीचे काय हाल चाललेत ते बघायला मी म्हात्र्यांकडे गेलो. टीव्ही कोपऱ्यात, बंद, वर टॉवेल. म्हात्रे भिंतीला पाठ लावून खाटेवर बसलेले.

‘‘लावला नाहीत?’’

‘‘श्श.’’

भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. चढत चढत गेलेला, मध्येच दम लागून तुटलेला. म्हात्र्यांचा चेहरा उजळला. ‘‘हिरा,’’ ते म्हणाले.

मग दुसरं हसू आलं. आधी दाबलेलं, घशातल्या घशात, आणि मग एकदम सुटलेलं, अगदी शाळेतल्या मुलीसारखं. मी कधी न ऐकलेलं.

‘‘आमच्याकडे कुणी पाहुणी आलीय वाटतं,’’ मी म्हटलं.

म्हात्र्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाटेवर थोडं सरकून भिंतीपाशी मला जागा केली.

‘‘बसा, पवारभाऊ,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘ती सुमनवहिनी हाय.’’