पुसल्या गेलेल्या बाई

माहिती-संरक्षणाचा कायदा कुणी म्हणजे कुणीही पाळत नाही, हे बाईंचं ठाम मत होतं! वीस वर्षं विद्यापीठात त्यांनी हाच विषय शिकवला, यावरच संशोधन केलं. आता पुरावा हवा म्हणून त्यांनी दहा कार्यालयांना पत्रं धाडली: माझी तुमच्याकडची सर्व माहिती कायमची पुसून टाकावी. नऊ कार्यालयांनी साधी पोचही दिली नाही. बाईंना अगदी धन्य वाटलं.

दहावं कार्यालय त्यांच्याच विद्यापीठाचं होतं. त्या पत्राचं काय झालं, हे विचारायचं राहूनच गेलं.

प्रोफेसरपदाच्या मुलाखतीच्या सकाळी बाई ऐटीत आपली फाइल मागायला आस्थापना विभागात गेल्या. तिथले हेडक्लार्क भाऊसाहेब म्हणजे बाईंनी कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या याच कायद्याच्या प्रशिक्षण वर्गात पहिले आलेले. प्रमाणपत्र टेबलाच्या काचेखाली होतं.

"फाइल नाही, मॅडम. पत्र आलं, पुसून टाकली. कपाटातली, संगणकातली, बॅकअपसुद्धा."

बाईंचं धाबं दणाणलं. अहो, नोकरीच्या नोंदी पुसायच्या नसतात, कायद्यात अपवाद आहेत, असं त्या कशाबशा म्हणाल्या.

"अपवादांचा तास तुम्ही घेतलाच नाहीत. वेळ संपली म्हणालात," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. आणि पुढं काही बोलण्याआधी त्यांनी बाईंकडं ओळखपत्र मागितलं.

बाई रिकाम्या हातांनी समितीपुढं बसल्या. कागदच नाहीत तर मुलाखत कसली, असं अध्यक्ष कुरकुरले. त्यांनी खातरजमेसाठी भाऊसाहेबांना बोलावलं, तर संमतीपत्राशिवाय आपण या बाईंबद्दल चकार शब्द काढणार नाही, असं ते तोंडावर सांगून गेले. बाईंना खरं तर रडू यायला हवं होतं, पण ऊर अभिमानानं भरून आला.

"सर, वीस वर्षं मी जे शिकवलं, ते एका माणसानं अक्षरशः पाळलं," त्या म्हणाल्या. "माझं काम दाखवायला याहून मोठी फाइल माझ्याकडं नाही."

समिती पोट धरून हसली. बाईंची पुस्तकं समितीतल्या तिघांनीही वाचलेली होती. कागद महिन्याभरात नव्याने द्यायचे, या अटीवर बाई प्रोफेसर झाल्या!

घरी आई दारातच उभी होती. बाईंनी वाकून नमस्कार केला, बातमी सांगितली. आईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"मला धीर धरवेना, म्हणून दुपारी तुझ्या ऑफिसात फोन केला," आई म्हणाली. "या नावाच्या कुणी बाई आमच्या नोंदीत नाहीत म्हणाले. खरं सांग, वीस वर्षं रोज सकाळी आवरून जातेस तरी कुठं?"