एक मीटर वीसचा अर्ज

बुधवारी सकाळी साडेदहाला, नकाशातून खोडलेला एक बिंदू हरकतीचा लेखी अर्ज घेऊन बंदराच्या सर्वेक्षण कार्यालयात आला.

तिथल्या सर्वेक्षक ज्योत्स्ना तोडणकरांनी त्याला लगेच ओळखलं. मागच्या आठवड्यात बोटीखालच्या मल्टिबीम यंत्राने खाडीच्या मुखाशी आवाजाचा पंखा सोडला होता आणि तळावरून परतलेल्या प्रत्येक प्रतिध्वनीचा खोलीचा एकेक बिंदू झाला होता. आजूबाजूचे सगळे अकरा मीटरचे, हा एकटाच एक मीटर वीस. पाण्यातल्या बुडबुड्यांचा खोटा प्रतिध्वनी असेल म्हणून बाईंनीच त्याला खोडलं होतं.

"मी खडकाचा माथा आहे," बिंदू म्हणाला. "प्रवासी लाँच रोज माझ्यावरून जाते. भरती असते तोवर ठीक. भर ओहोटीला आली तर तिचा तळ फाटेल."

कार्यालयाचे प्रमुख कर्णिक साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "नियमाप्रमाणे शेजारचे साधारण तेवढ्याच खोलीचे तीन बिंदू साक्षीला लागतात. आहेत?"

"बोट जोरात होती, साहेब. खडकावरच्या माझ्या शेजाऱ्यांपर्यंत आवाज पोचलाच नाही."

"मग अर्ज निकाली. नकाशा शुक्रवारी छपाईला जातोय."

"एक दिवस आहे ना मधे?" बाई उठल्या. "खोडलं मी. परत मोजीनही मीच."

गुरुवारी त्या होडेकर तांडेलांच्या बोटीतून निघाल्या. बिंदू पुढे नाळेवर बसून दिशा दाखवत होता. पाण्यातला आवाजाचा वेग मोजून झाला, बोट अगदी संथ घेतली. पहिल्या फेरीत काही नाही. दुसरीतही नाही.

"बाई, पाणी उतरतंय," होडेकर म्हणाले. "आता आपणच खडकावर चढू."

"हळू घ्या. पण घ्या."

तिसऱ्या फेरीला पडद्यावर आकडे उमटले. बाईंनी भरतीची उंची वजा करून ते मोठ्याने वाचले, "एक तीस. एक पंचवीस. एक चाळीस."

"हेच ते तिघं शेजारी," बिंदू म्हणाला. "मी इथंच उतरतो. अर्जाची पोच तेवढी द्या."

बाईंनी पोच लिहून सही केली. ती घेऊन तो पाण्यात उतरला.

शुक्रवारी कर्णिक साहेबांनी चारही बिंदू मंजूर केले.

सोमवारी लाँचने खाडीच्या मुखाशी मोठा वळसा घेतला. मासळीची पाटी घेऊन बसलेल्या एका बाईने सारंगाला विचारलं, "आज लांबून का रे बाबा?"

"तिथं चारजण राहतात," सारंग सुकाणू न सोडता म्हणाला.