अस्वलामागची खिडकी

लिम अंकल एका अस्वलाला शिव्या घालतात. अस्वल जुन्या कार्टूनपटातलं आहे, पिल्लू आहे आणि मुलांचं लाडकं आहे. अंकलच्या मते ते ठोंब्या आहे.

सिंगापूरच्या वुडलँड्स भागात आमचे फ्लॅट समोरासमोर. दारं उघडी असली की त्यांचा टीव्ही आमच्याकडेही लागलेला असतो. "बाजूला हो लाह! केवढं ते बूड!" असं, इथल्या बोलीतला 'लाह' शेवटी लावून, ऐकू आलं की माझी बायको मीनल विचारते, "अंकल, आज काय केलं त्यानं?"

"तेच. उभं राहिलं."

अंकल नव्वदीच्या पुढचे. तरुणपणी चीनमधलं गाव सोडून ते दूर परदेशात एका कार्टून स्टुडिओत लागले. म्हातारपणी लेकीकडे सिंगापूरला आले. त्या चित्रपटातलं अख्खं जंगल त्यांनी रंगवलं. नामावलीत त्यांचं नाव नाही. त्याबद्दल ते बोलत नाहीत. धुक्याबद्दल बोलतात. "धुकं रंगवायचं नसतं. कागद ओला करायचा आणि गप्प बसायचं." आमच्या भिंती रंगवायला आलेल्या माणसालाही त्यांनी हाच सल्ला दिला. तो बिचारा खरंच थोडा वेळ गप्प बसला.

मध्यंतरी रहिवाशांनी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत हाच चित्रपट दाखवायचं ठरवलं. मीनलनं जाहीर केलं, "मी माइकवर तुमचं नाव सांगणार."

"नाव नको. अस्वल हलव."

"असं आहे तरी काय त्याच्यामागे?"

अंकलनी चहाचा कप खाली ठेवला. जंगलात माणसाची खूण नको, असा स्टुडिओचा हुकूम होता. त्यांनी कोपऱ्यात गुपचूप एक खिडकी काढली, आत दिवा लावलेली. ते गावातून निघाले तेव्हा आई तशाच खिडकीत उभी होती. पण जंगल काढणारा एक, पात्रं काढणारा दुसरा. त्या दुसऱ्यानं पारदर्शक प्लास्टिकवरचं अस्वल नेमकं खिडकीवर आणून ठेवलं. अस्वल हलतं आणि दृश्य बदलतं, यातल्या क्षणभरातच ती दिसते.

"कुणालाच दिसली नाही?"

"बायकोला मुद्दाम दाखवली. ती म्हणाली, अस्वल गोड आहे."

रविवारी मीनलनं माइकवर नाव सांगितलं नाही. खिडकीची गोष्ट सांगितली, आणि ओरडायचं कधी तेही सांगितलं.

जंगल आलं. धुकं आलं. अस्वल आलं आणि उभं राहिलं.

"बाजूला हो लाह!" अख्खी इमारत ओरडली. मागच्या रांगेतल्या एक आजी मलय भाषेतून ओरडल्या. त्यांचं जरा जास्तच लांबलं.

अस्वल हललं. कोपऱ्यात नखाएवढा पिवळा उजेड दिसला.

पहिल्या रांगेत बसलेले अंकल मात्र ओरडले नव्हते. धक्क्यावरच्या माणसाला बोटीतून करतात तसा त्यांनी हात वर केला होता. दृश्य बदललं, नदी आली, गाणं सुरू झालं. हात बराच वेळ वरच होता.