जानेवारीचे बारा दिवस

पत्रकाच्या दुसऱ्या पानावर बारा ओळींचा एक तक्ता होता. प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला तारीख, उजव्या टोकाला टक्केवारी. बाराही तारखा ०१ ने सुरू होत होत्या. पहिली ०१/०१/०७, दुसरी ०१/०२/०७, तिसरी ०१/०३/०७ आणि अशाच उतरत शेवटची ०१/१२/०७. नऊ ओळींत अधिक चिन्ह होतं, तीन ओळींत उणे. सगळ्यांची बेरीज अधिक चौदा.

ही बेरीज दिगंबरने पेन्सिलीने दोनदा केली आणि मग हाक मारली.

"पद्मजा, लवकर ये! जानेवारी बघ, जानेवारी!"

डिसेंबरचा मध्य होता आणि बाहेर अमेरिकेतल्या शॉमबर्गचा बर्फ. पद्मजा ओले हात पुसत आली.

"जानेवारीचं काय?"

"बारा दिवसांत चौदा टक्के! एक जानेवारी, दोन जानेवारी, तीन जानेवारी… बारा तारखेपर्यंत. चौदा! अगं, लोकांना वर्षात एवढं मिळत नाही."

दिगंबर एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. सात वर्षांपूर्वी कंपनीने त्याला अठरा महिने इंग्लंडला पाठवलं होतं. तिथे त्याने एका फंडात पैसे घातले. झपाट्याने वाढणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांचे शेअर घेणारा ग्रोथ फंड. तेव्हापासून दर महिन्याला लंडनहून पत्रक यायचं. त्यावर एक आलेख आणि महिन्याच्या कामगिरीचा एक आकडा असायचा, आणि त्या आकड्यावर घर चालायचं. फंड दोन टक्के वर गेला, तर रविवारी बाहेर जेवण. दीड टक्का खाली, तर हीटर दोन अंशांनी खाली. याला दिगंबर शास्त्रीय दृष्टिकोन म्हणायचा. पद्मजा जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. होती. तिचं मत त्याने विचारलं नव्हतं.

डॉक्टरेट होऊन दीड वर्ष झालं होतं आणि ती एका डेंटिस्टकडे बिलं करत होती. मे महिन्यात तिला मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीच्या एका प्रयोगशाळेतून नोकरीचं पत्र आलं. प्रथिनांवरचं काम, नेमकं तिचंच. दिगंबर म्हणाला, "दोन घरं चालवायची म्हणजे खर्च. या महिन्याचा परफॉर्मन्स येऊ दे, मग डिसाइड करू." मेचा आला. खाली होता. जूनचा वर होता, पण दिगंबरच्या मते पुरेसा वर नव्हता. जुलैत तो म्हणाला, ट्रेंड दिसू दे. ऑगस्टमध्ये ट्रेंड दिसला, तो खालचा होता. प्रयोगशाळेने दोनदा मुदत वाढवली. आता एकतीस डिसेंबर ही शेवटची तारीख होती.

या महिन्यापासून पत्रकाचं रूप बदललं होतं आणि हा तक्ता त्यात प्रथमच आला होता.

पद्मजाने वाण्याच्या दुकानातून आणलेलं कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि जानेवारीचं पान उलगडलं.

"सात जानेवारीला रविवार होता," ती म्हणाली.

"मग?"

"रविवारी शेअर मार्केट चालू असतं?"

दिगंबरने तक्ता पाहिला. सातवी ओळ, अधिक एक पूर्णांक नऊ. मग त्याचा चेहरा उजळला.

"बघ! रविवारी सुद्धा वाढतो हा!"

"आणि एक जानेवारीला? सुट्टी असते ना?"

"सुट्टीतही वाढला. याला म्हणतात ग्रोथ फंड. तुला फायनान्स कळत नाही, पद्मजा. वर 'मंथली परफॉर्मन्स' लिहिलंय ना? मंथ म्हणजे जानेवारी."

"मग बाराच दिवस का दिलेत?"

"बेस्ट तेवढे छापतात. मार्केटिंग असतं ते."

काहीतरी चुकतंय हे पद्मजाला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. नऊ वर्षं ती प्रयोगवहीत आधी महिना, मग दिवस लिहीत आली होती. खरं कारण तिलाही सुचलं नाही, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे.

दिगंबर मात्र कामाला लागला. एकतीस डिसेंबरला पैसे घालायचे, बारा जानेवारीला काढायचे. त्यासाठी त्याने बँकेतली मुदत ठेव मोडली. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँकेने तीन महिन्यांचं व्याज कापून घेतलं. "चौदा टक्क्यांपुढे हे म्हणजे चिल्लर," असं म्हणून त्याने पैसे लंडनला रवाना केले.

"बारा जानेवारीला यंदा शनिवार आहे," पद्मजा म्हणाली.

"असू दे ना. त्याला वारांचं काही नसतं."

मग त्याने मित्राला, संजीवला, सांगितलं. संजीवने स्वयंपाकघर नवं करायला ठेवलेले पैसे काढले. संजीवची बायको वसुधा दोन वर्षं ओटा बदलायची वाट पाहत होती. तिला सांगण्यात आलं की पंधरा दिवस थांबलीस, तर ग्रॅनाइटचा करू. शेवटी दिगंबरने पद्मजासाठी एक ईमेल लिहून ठेवली. 'आपल्या संधीबद्दल आभारी आहे, परंतु कौटुंबिक कारणांमुळे…'

"हे काय?"

"अगं, आता कशाला जायचंय तुला तिकडे? दर जानेवारीला चौदा टक्के. सोमवारी फक्त सेंड कर."

पद्मजाने ती सेंड केली नाही आणि पुसलीही नाही. या घरात बरंच काही असंच ड्राफ्टमध्ये पडून राहायचं.

शनिवारी, एकोणतीस तारखेला, संजीवकडे जेवण होतं. संजीवचे वडील विष्णूकाका पंधरा दिवसांपूर्वीच सांगलीहून आले होते. उभं आयुष्य जमीन मोजणी खात्यात काढलेला माणूस. थंडीमुळे घराबाहेर पडता येत नव्हतं, म्हणून हाती लागेल तो कागद वाचत होते. धान्याच्या पिशव्या वाचून झाल्या होत्या, हीटरचं माहितीपत्रकही.

जेवणाआधी दिगंबरने पत्रकाच्या प्रती वाटल्या आणि उभा राहिला.

"जगात फार कमी लोकांच्या हे लक्षात आलंय. संजीव, तू लकी आहेस."

"यार, वसुधाला नीट समजाव ना एकदा. ओट्यावरून रोज ऐकतोय मी."

"मी कुठे काय म्हणतेय?" वसुधा म्हणाली. "एका बाजूने फुटलाय तो फक्त."

विष्णूकाकांनी चष्मा पुसून प्रत हातात घेतली आणि सवयीने मोठ्याने वाचू लागले.

"एक जानेवारी, दोन पूर्णांक एक. एक फेब्रुवारी, शून्य पूर्णांक आठ. एक मार्च, उणे…"

"काका, काका," दिगंबर हसला, "तो दोन जानेवारी आहे. इथे आधी महिना असतो. तुम्हाला सवय नाही म्हणून."

"असं होय? बरं." काकांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "पण हा कागद इथला कुठे आहे? लंडनचा पत्ता आहे खाली."

"हो, मग?"

"इंग्रज आपल्यासारखंच लिहितात ना? दिवस आधी. किंबहुना आपणच त्यांच्यासारखं लिहितो. अडतीस वर्षं लिहिलंय मी, सातबारावर."

संजीवने कागद डोळ्यांजवळ नेला. वसुधाने संजीवकडे पाहिलं. या खोलीतल्या चौघांनी शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी दिवस आधी लिहिला होता, आणि चौघांनाही ते या देशात विसरायला दहा वर्षंही लागली नव्हती.

"म्हणजे बारा महिने," पद्मजा सावकाश म्हणाली. "बारा दिवस नाहीत."

"म्हणजे वर्षाचे चौदा?" संजीवचा आवाज बारीक झाला. "दिग्या, मी पेनल्टी भरून पैसे काढलेत!"

"मी तरी रविवारचं विचारलं होतं," पद्मजा म्हणाली.

"आणि हा काय म्हणाला?" वसुधाने विचारलं.

"रविवारी सुद्धा वाढतो म्हणाला."

वसुधा हसू दाबत उठली आणि फुटक्या ओट्यावरून ताटं आणू लागली. काका अपराध्यासारखे म्हणाले, "मी उगाच वाचलं का रे?"

दिगंबर खाली बसला. त्याने पेन्सिल काढली, बेरीज तिसऱ्यांदा केली. ती चौदाच आली. त्या आकड्याने त्याला हळूहळू पुन्हा धीर दिला.

"हे बघा, पॅनिक व्हायचं कारण नाही. वर्षाला चौदा हे पण सॉलिड आहेत. पैसे राहू देत तिथेच. संजीव, ओटा काय, उन्हाळ्यात होईल. आणि पद्मजा, तू सोमवारी ती ईमेल नको पाठवूस. पण हो सुद्धा नको म्हणूस. त्यांच्याकडून अजून एक महिना मागून घे. एकदा या जानेवारीचा परफॉर्मन्स आला ना, की मग आपण शांतपणे…"

पद्मजाने पत्रकाची नीट चौकोनी घडी घातली आणि ती दिगंबरच्या ताटाखाली ठेवली.

"दिगंबर," ती म्हणाली, "मी श्रूजबरीला जातेय."