हॉर्न मात्र ओरिजिनल

आमच्या घरी चारचाकी आली ती माझ्या कर्तबगारीमुळे नव्हे, कुरडयांमुळे.

बायकोचं माहेर राजुरी. दर चैत्रात तिथली जत्रा असते आणि दर चैत्रात आम्ही अवसरीहून मंचर, मंचरहून आळेफाटा आणि आळेफाट्याहून राजुरी अशा तीन एस.ट्या बदलत जायचो. दोन वर्षांमागं आळेफाट्याला मी जागा धरायला सीटवर कुरडयांचा डबा ठेवला, आणि एक भरभक्कम पावणं त्याच्यावर बसलं. (जागा रुमालानं धरतात हे मलाही ठाऊक आहे. पण रुमाल उडतो. डबा उडत नाही, असं माझं गणित होतं.) आम्ही वेशीपासून चालत माहेरच्या दारात पोचलो तेव्हा कुरडयांचा रवा झाला होता, आणि नेमकी त्याच वेळी माझी थोरली मेहुणी आरतीताई लांबलचक गाडीतून पदर सावरत उतरत होती.

बायकोनं तेव्हा डब्याचं झाकण तेवढं लावलं. घरी परतल्यावर बोलली.

"चौदा वर्षं झाली. पुढच्या जत्रेला मी माझ्या गाडीनं जाणार. सोता चालवत, पार दारापर्यंत. नायतर जाणारच नाय."

"बरं," मी म्हणालो.

वाद मिटवायला मी आजवर पुष्कळ वेळा 'बरं' म्हटलेलं आहे. त्यातलं एकही कधी अंगाशी आलं नव्हतं. हे आलं. तेजस्विनीनं (म्हणजे बायकोनं) दुसऱ्याच दिवशी मंचरला ड्रायव्हिंग क्लास लावला आणि पहिल्या फटक्यात लायसन घेऊन घरी आली. मीही काढलं. तिसऱ्या फटक्यात. दुसऱ्या फटक्यातला खांब अजून जरा कललेलाच आहे.

मग गाडी कुठली, हा प्रश्न. मी कॉलेजात क्लार्क. कॉलेज इंजिनिअरिंगचं, त्यामुळे सल्ल्याला तोटा नाही. मेकॅनिकलचे एक सर म्हणाले पेट्रोल घ्या, दुसरे म्हणाले सीएनजी, तिसरे म्हणाले दोन वर्षं थांबा आणि इलेक्ट्रिक घ्या. विभागप्रमुखांनी माझ्या पोटाकडं बघून चालायला सुचवलं. तिकडं तेजस्विनीनं मंचरच्या शोरूममध्ये चार मिनिटांत निवड उरकली. लालचुटुक, छोटीशी, नवी कोरी. ती आत बसली, आरसा सारखा केला आणि म्हणाली, "हीच."

पण मला एक तत्त्व सुचलं. (मला तत्त्वं सुचतात तेव्हा घरात सगळे जरा जपून असतात.) नवी गाडी शोरूमच्या उंबऱ्याबाहेर पडली की जुनी होते. मग आधीच जुनी झालेली घेतली तर काय बिघडलं? माझी सायकल चुलतभावाची होती, लग्नातला कोट थोरल्या भावाचा होता, कुठं काय अडलं?

"तुमच्याबरोबर मला एक नवरा तेवढा नवा मिळाला," ती म्हणाली, "त्याचं काय झालं ते बघतेच हाय."

तरी मी नारायणगावला गेलोच. माणिकचंद शेठ धान्याचे व्यापारी. त्यांचा मुलगा अंकित दुकानामागच्या मोकळ्या जागेत जुन्या गाड्या विकतो. त्यानं एक पांढरी, आटोपशीर गाडी दाखवली. "साहेब, गाडी नाही ही. गाय आहे गाय."

मी जाणकारासारखी एक फेरी मारली. डाव्या दाराला हातभर अंतरावर दोन खोल खड्डे होते.

"हे काय?"

"दृष्ट लागू नये म्हणून."

मागच्या सीटचा कोपरा कुणीतरी खाल्ल्यासारखा दिसत होता.

"उंदीर, साहेब. उंदीर आला म्हणजे मागोमाग गणपती आलाच."

आत फिनेलचा भपकारा होता. अंकित म्हणाला, मालक स्वच्छतेचा भोक्ता. "बॅटरी नवी, टायर नवे. हॉर्न मात्र ओरिजिनल मालकानं हौसेनं बसवलेला." त्यानं दाबून दाखवला. पँ-पँ-पोंऽऽ! धान्याच्या पोत्यांवरची कबुतरं उडाली. मी खूश झालो.

"मालक कोण?"

"डॉक्टर. गुरांचे. तीस वर्षं नोकरी करून रिटायर झाले, मुलाकडं राहायला गेले. एका हातची गाडी."

आणखी काय पाहिजे? दिवसभर पोरांच्या फॉर्मवरचे पत्ते ताडून बघणारा मी, आरसी बुकावरचा डॉक्टरांचा पत्ता न वाचताच गाडी घेऊन घरी आलो. 'गुरांच्या डॉक्टरांची गाडी' असं सांगायचं, त्यातला पहिला शब्द मी घरी सांगताना वाचवला. काटकसर अंगात मुरली की ती बोलण्यातही उतरते.

तेजस्विनी गाडीभोवती फिरली. लाल रंग तिच्या डोळ्यांत होता, तो हळूहळू गेला. मला वाईट वाटलं, पण तत्त्व ते तत्त्व. मग ती म्हणाली, "डॉक्टरांची म्हंजे नीट वापरली आसंल." तिनं खाल्लेल्या कोपऱ्यावर नक्षीचं कव्हर शिवलं आणि आरतीताईंना फोनवर तीन वेळा सांगितलं, "डॉक्टरांची हाय!"

जत्रेचा दिवस उजाडला. तेजस्विनीनं ठेवणीतली पैठणी नेसली आणि स्टिअरिंगला हळदीकुंकू वाहून बसली. गाडी काय झकास चालवली तिनं! मंचर गेलं, नारायणगाव गेलं, मी शेजारी मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा घेऊन निवांत. आळेफाटा ओलांडला आणि चमत्कार सुरू झाला.

समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं हात कपाळाला लावून रामराम घातला. चहाच्या टपरीवर बसलेली चार माणसं उठून उभी राहिली. एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर बाजूला घेऊन आम्हाला वाट दिली. चौदा वर्षं या रस्त्यानं मी एस.टी.त लोंबकळत गेलो, कुणी 'कोण तू' म्हणून विचारलं नव्हतं.

"बघितलंस?" मी म्हणालो. "चारचाकीला मान असतो."

दोन्ही हातांनी नमस्कार घेत मी पुढं चाललो. आणि मग मला अवदसा आठवली. एवढा मान मिळतोय, तर तो ड्रायव्हरच्या सीटवर बसून घेतलेला बरा.

"आता दे माझ्याकडं," मी म्हणालो. "सासुरवाडीत जावई शेजारी बसून आलेला बरा दिसत नाही."

तिचा चेहरा उतरला. वर्षभर तिनं त्या एका क्षणाची वाट पाहिली होती आणि तो आता तीन किलोमीटरवर होता. मला हे सगळं कळत होतं. तरी मी तिला उठवून बसलोच. ह्या गोष्टीत माझ्याकडून पुष्कळ चुका झाल्या, पण लाज वाटते ती हिची.

एक फर्लांगही गेलो नसेन, तोच जाड भिंगाचा चष्मा घातलेली एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभी राहिली. मी ब्रेक दाबला. म्हातारीनं मागचं दार उघडलं, आधी एक शेळी आत ढकलली आणि मग स्वतः बसली.

"बरं झालं आलात, डॉक्टर. दोन दिस झालं, तोंडात काय घेत न्हाई बघा."

"अहो आजी, मी डॉक्टर नाही!"

"आता गं बया! साळुबाईची थट्टा करताय व्हय? धा वर्षं ह्याच गाडीतून माझ्या शेळ्या दवाखान्यात नेल्यात तुमी. ह्यो कोपरा हिच्या आईनं खाल्ल्याला."

तेजस्विनी सावकाश माझ्याकडं वळली.

"कसले डॉक्टर?"

"गुरांचं की!" साळुबाईंनी परस्पर उत्तर दिलं. "आख्ख्या भागाचं. ह्या दाराला शिंगं कुणी मारली ते पण सांगू का?"

 मागून कराकरा चावण्याचा आवाज येत होता. शेळीनं नक्षीचं कव्हर संपवलं होतं आणि पुरणपोळ्यांच्या डब्यात तोंड घातलं होतं. (गाडी चालवायची म्हणून डबा मीच मागं ठेवला होता. डब्यांच्या बाबतीत माझं नशीबच नाही.)

"खाया लागली!" साळुबाई आनंदानं ओरडल्या. "डॉक्टर, तुमच्या नुसत्या गाडीला गुण हाय! चला आता, जत्रंला सोडा मला. आन् गावात तेवढा हॉर्न वाजवू नका बरं."

"का?"

"नका वाजवू म्हन्ते ना."

आता ही म्हातारी मला गाडी शिकवणार का? मी तसाच पुढं निघालो. मेहुण्याच्या, गोरखच्या, दारात मंडप होता आणि ही गर्दी. पण सगळ्यांच्या पाठी आमच्याकडं. आरतीताईंची लांबलचक गाडी मंडपाला खेटून उभी होती आणि शर्यतीचे चार बैल शिंगं रंगवून, झुली घालून अंगणात उभे होते. बायका त्यांना ओवाळत होत्या. आमच्याकडं ढुंकून कुणी बघेना. चौदा वर्षांनी दारात गाडी आणायची आणि कुणाला पत्ताही नाही? मी हॉर्न दाबला, चांगला लांब.

पँ-पँ-पोंऽऽ!

माणसांनी वळून बघायच्या आत पाखऱ्यानं बघितलं. पाखऱ्या म्हणजे गोरखचा लाडका बैल. त्यानं कान टवकारले, दावं तोडलं, मंडपाचं निम्मं कापड शिंगांवर घेतलं आणि शेपूट वर करून शर्यतीच्या घाटाच्या दिशेनं पळाला. कुंकवाचं ताट उडून आरतीताईंच्या गाडीवर सांडलं. गावातली कुत्री, वासरं, म्हशी, ज्याला ज्याला आयुष्यात कधी सुई टोचली होती ते प्रत्येक जनावर वाट फुटेल तिकडं धावत सुटलं.

"कुणी वाजिवला रं त्यो हॉर्न?" गोरख धावत आला आणि मला बघून जागीच थांबला. "दाजी? आवो, डॉक्टरांची गाडी कशाला घेतली तुमी? पाखऱ्याला सुया टोचून टोचून ह्या आवाजाची धडकी भरलीय!"

  तेजस्विनी दुसऱ्या दारानं उतरली. पैठणीचा पदर सीटमागं गेला होता, त्यावर शेळीच्या खुरांचे ठसे होते.

"यक डाव," ती अगदी हळू म्हणाली, "यक डाव सोता गाडी चालवत दारात यायचं व्हतं मला. तेवढं पण जमू दिलं न्हाई तुमी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी शेळीकडं बघत राहिलो.

इतक्यात घाटाकडून जत्रा कमिटीचे जानकू अण्णा मोटारसायकलवर बसून आले. "गोरख! तुझा पाखऱ्या घाट चढला! येकटा, मंडपाचं कापड घेऊन! आता वर हुबा हाय, खाली यायला तयार न्हाई!"

आता हे समजायला पाखऱ्याचा इतिहास ठाऊक पाहिजे. शर्यतीत गाडा घाटाच्या चढानं काही सेकंदांत वर न्यायचा असतो, आणि तीन वर्षं पाखऱ्या दर बारीला, म्हणजे फेरीला, निम्म्या घाटात थांबून बघ्यांकडं बघत उभा राहायचा. गोरखची गावभर चेष्टा व्हायची. त्याचा राग कुठल्या कुठं गेला. डोळे चमकले.

"दाजी," तो म्हणाला, "गाडी घाटाखाली लावा."

कमिटी बसली. चाबकाला बंदी, काठीला बंदी, करंटला बंदी, हे सगळ्यांना मान्य. हॉर्नबद्दल नियमात काहीच नव्हतं. जानकू अण्णांनी एकदा वाजवून बघायला सांगितलं. चार बैल गाड्याला जुंपलेले, मागं आमची गाडी, हजारभर माणसं श्वास रोखून. मी घाम पुसून पूर्ण ताकदीनं दाबलं.

वायपर सुरू झाला. काचेवर पाणीही उडालं. पाखऱ्यानं मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि रवंथ सुरू केलं.

"दाजी, उतरा," गोरख म्हणाला. "ताई, तू बस."

तेजस्विनी बसली. तिनं पदर खोचला, आरसा सारखा केला. झेंडा पडला आणि तिनं हॉर्न दाबला. पँ-पँ-पोंऽऽ! "भिर्रर्रऽऽ" म्हणून निवेदकानं तोंड उघडलं ते मिटायच्या आत गाडा वर पोचला होता. पहिला नंबर!

संध्याकाळी हलगीच्या तालावर मिरवणूक निघाली. सगळ्यात पुढं गुलालानं लालचुटुक झालेली आमची गाडी आणि चालवायला डोक्याला फेटा बांधलेली तेजस्विनी. शोरूममधल्या गाडीचासुद्धा एवढा लाल रंग नव्हता. शेजारी मानाच्या साळुबाई, मागं हार घातलेली शेळी. अख्ख्या गावादेखत गाडी पार दारापर्यंत गेली आणि आरतीताईंनी स्वतः ओवाळलं. मी मिरवणुकीच्या शेवटाला, रिकामा डबा घेऊन. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. (थोडं गुलालामुळे.) तिनं आरशातून मागं पाहिलं, तेव्हा वाटलं मला शोधतेय. तिनं आरसा वळवून शेळी नीट बसलीय का ते बघितलं.

यंदा तिला पाच गावांची आमंत्रणं होती, गाडीसह. राजुरीला निघताना मी डबा घेऊन गाडीपाशी गेलो, तर पुढच्या सीटवर आदल्या दिवशीच आमच्याकडं मुक्कामाला आलेल्या साळुबाईंचा मान आणि मागं शेळी व तिची दोन करडं होती.

"अहो," तेजस्विनी म्हणाली, "तुमी आपलं यष्टीनं या."

आळेफाट्याच्या स्टँडवर मला खिडकीजवळची सीट मिळाली. एवढ्यात बाहेर पँ-पँ-पोंऽऽ झालं. आमची गाडी ऐटीत गेली आणि एस.टी.तली सगळी माणसं रामराम घालायला उठून उभी राहिली. मीही डबा सीटवर ठेवून उठलो, हात जोडले. गाडी दिसेनाशी झाल्यावर खाली बसायला वळलो, तर माझ्या जागेवर एक भरभक्कम पावणं बसलेलं.

कुरडयांच्या डब्यावर.